जुना मॅसी १०३५: क्लच हाउसिंगखालून ऑईल गळतंय, ट्रॅक्टर फोडावाच लागेल का?

माळरानावरचा
राम राम मंडळी. घरचा जुना मॅसी १०३५ आहे, तीन सिलेंडर सिम्पसन इंजिन. क्लच हाउसिंगच्या तळाला स्प्लिट पिनवालं भोक असतं बघा, तिथनं ऑईल गळायलंय. आधी थेंब थेंब होतं, आता रोटाव्हेटर मारून आला की रात्रीत खाली ताटाएवढा डाग पडतो, आणि नांगराला लोड आला की क्लच पण सटकतोय. मिस्त्री म्हणतो क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) मागची दोरी, म्हणजे ऑईल अडवणारं दोरीचं सील गेलं, ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्स वेगळे करावे लागतायत. दुसरा म्हणतो जाड ऑईल टाका अन् एवढी पेरणी काढा. मृग तोंडावर आलाय, त्यामुळं फोडायचा तर आत्ताच. तर सांगा, दोरीच गेलीय हे न फोडता कळतं का? दोरीच्या जागी रबरी सील बसतं का? आणि घरच्या शेडात चेन कुप्पी (वजन उचलायची साखळीची पुली) लावून हे काम होईल का गॅरेजलाच न्यावा?

पाना_पक्कड
भाऊ फोडायच्या आधी गळतंय ते ऑईल कुठलं ते बघा. त्या भोकातनं इंजिनचं ऑईल पण येतं आणि गिअरबॉक्सचं पण, इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी सेम तिथनंच गळतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर चार थेंब घ्या. डिझेल इंजिनचं ऑईल काजळीनं काळंकुट्ट असतं, गिअरबॉक्सचं एवढं काळं होत नाही, शेजारी डीपस्टिकचा (इंजिनचं ऑईल मोजायच्या पट्टीचा) थेंब टाकून ताडून बघा.

काळं निघालं तरी लगेच दोरीवर जाऊ नका. इंजिनचा मागचा भाग डिझेलनं धुवून कोरडा करा आणि चालू करून बघा, कारण टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असलं की ऑईल ब्लॉकच्या मागून ओघळत खाली येतं आणि नाव दोरीचं होतं. चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याच्या) मागच्या कडेचं पॅकिंग गेलं तरी तेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन गरम झाल्यावर स्लोवर ठेवून ऑईल टाकायचं झाकण काढा. तिथनं भकाभका धूर अन् हवेचा जोर येत असेल तर रिंगा-लायनर संपलेत, गॅस चेंबरात उतरतोय आणि तो दाब ऑईलला मिळेल तिथनं बाहेर ढकलतोय. अशा इंजिनला नवी दोरी टाकली तरी ती पण गळणार. ब्रीदर (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदलेला असला तरी हेच होतं, तो साफ करायला तर पैसे पण लागत नाहीत. कितीतरी ट्रॅक्टर नुसत्या ब्रीदरपायी फोडले जातात राव.

गोदाकाठ
अजून एक, डीपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसतंय का? डायफ्रॅमवाला (लवचिक पडद्याचा) फीड पंप, म्हणजे टाकीतनं डिझेल ओढणारा पंप असेल आणि डायफ्रॅम फाटला असेल तर डिझेल चेंबरात उतरतं, ऑईल पातळ होतं, लेव्हल वर जाते आणि मग मागनं पुढनं सगळीकडनं गळायला लागतं. वास घेऊन बघा. तसं असेल तर गळती राहू द्या बाजूला, आधी ट्रॅक्टर बंद करा, पातळ ऑईलवर बेअरिंग जातात. जाड ऑईलचा सल्ला माझ्या मते फालतू आहे. तुमचा क्लच सटकतोय म्हणजे प्लेटवर ऑईल गेलंय, ते जाड असलं काय अन् पातळ असलं काय.

माळरानावरचा
बघितलं सगळं. ऑईल काळंच आहे, डिझेलचा वास नाही, लेव्हल उलट कमी झालीय. झाकण काढल्यावर थोडा धूर येतो पण जोर नाही. ब्रीदर काढून धुतला, दोन दिवस चालवला, फरक शून्य. टॅपेट कव्हर कोरडं आहे.

वाडीचा_फिटर
मग फोडा आता. शेडात होतं हे काम, पण खाली पक्का कोबा पाहिजे, मातीत जॅक रुततो आणि दोन भाग परत एका लाईनीत येत नाहीत.

जोडीला माणसं घेऊन सुरू करायच्या आधी पुढच्या एक्सलचं बघा. एक्सल मध्ये एकाच पिनेवर हलतो, त्यामुळं इंजिन मागनं सुटलं की ते कडेला कलंडतं. एक्सल आणि त्याच्या वरच्या ब्रॅकेटच्या मध्ये दोन्ही बाजूनं लाकडी पाचर ठोकून घट्ट करायची, मगच हाउसिंगचे बोल्ट ढिले करायचे. मागच्या चाकांना अटकाव, गिअरबॉक्सखाली घोडी, इंजिन चेंबरखाली जॅक आणि वरनं चेन कुप्पी. बॅटरी, वायरिंग, डिझेलचा पाईप, स्टेअरिंगचे रॉड, पुढच्या एक्सलपासनं मागं येणारे रॉड हे सगळं सोडवलं की पुढचा भाग स्वतःच्या चाकांवर पुढं ढकलता येतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी मधी हात घालायचा नाही.

मग क्लच काढा, फ्लायव्हीलला खूण करून तो काढा (जड असतो, एकट्यानं ओढू नका). मागं दोन अर्ध्या भागांचं हाउसिंग दिसेल, त्याच्या खाचेत दोरी असते. नवी दोरी खाचेत बसवताना दोन्ही टोकांपासनं सुरू करायचं, टोकं हाउसिंगच्या जोडावर पाव ते अर्धा मिमी वर राहिली पाहिजेत, मग उरलेला मधला फुगवटा दाबत न्यायचा आणि गोल गुळगुळीत दांड्यानं दोरी चेपून बसवायची. कितीतरी जण ती टोकं ब्लेडनं सपाट कापतात. मग दोन भाग आवळल्यावर टोकाला टोक दाबलं जात नाही आणि नेमकं जोडातनं गळतं. आतल्या बाजूला ग्रॅफाईट ग्रीस, दोन भागांच्या जोडावर सीलंट, ब्लॉककडं नवीन पॅकिंग. आवळून झाल्यावर क्रँक हातानं फिरवून बघा, अडखळला नाही पाहिजे.

रबरी सीलचं म्हणाल तर, जुन्या क्रँकवर दोरीच्या जागी बारीक आटे कोरलेले असतात, ऑईल परत आत ढकलायला. त्या आट्यांवर रबरी सीलची लिप (आतली कड) टिकत नाही, खाऊन जाते. रबरी सीलवाल्या इंजिनाचा क्रँकच तिथं वेगळा असतो. तुमच्याला दोरीच टाका, चांगली बसली की बरीच वर्षं बघावं लागत नाही.

फ्लायव्हील निघालंच आहे तर क्रँक पहारीनं वर-खाली उचकटून बघा. मागच्या मेन बेअरिंगला ढिल असेल तर दोरीचा काही उपयोग नाही, आधी बेअरिंग.

माळरानावरचा
लई उपकार दादा. क्लच प्लेट पेट्रोलनं धुवून चालेल का? आणि दोरी अॅस्बेस्टॉसची असते म्हणतात ते खरं का?

पाना_पक्कड
प्लेट धुवून काही होत नाही, ऑईल आत मुरलेलं असतं, गरम झाली की परत वर येतं. नवीनच टाका. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग पण त्याच वेळी, नाहीतर त्या छोट्या बेअरिंगसाठी परत सगळा फोडायचा. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा तोंडावरचा तेलकटपणा मात्र धुवून चालतो.

जुनी दोरी अॅस्बेस्टॉसचीच असते, जुन्या क्लच प्लेटची भुकटी पण तशीच धरून चाला. ती धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून कंप्रेसरनं फुंकर मारू नका, गॅरेजवाले हमखास मारतात. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा, लेकरांना शेडात येऊ देऊ नका.

वाडीचा_फिटर
जोडतानाचं राहिलं. हाउसिंगच्याच मापाचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापून टाका आणि समोरासमोरच्या भोकात पिना म्हणून लावा, दोन्ही भाग त्याच्यावर सरकत आपोआप लाईनीत येतात. क्लच प्लेट जुन्या शाफ्टनं सेंटर करून घ्या. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि आत जाईना तर बोल्ट आवळून ओढू नका, हाउसिंगचा कान तुटतो. एकानं फ्लायव्हील थोडा थोडा फिरवायचा, शाफ्टचे आटे प्लेटच्या आट्यांशी जुळले की खटकन बसतो.

गोदाकाठ
आणि भोकातली ती स्प्लिट पिन परत लावा बरं का, बोल्ट ठोकून बुजवू नका. ती हलत राहते म्हणून भोक चिखलानं बंद होत नाही. भोक बुजवलं की ऑईल प्लेटवर.