प्रतिसाद: फ्रेंचांचा राग नेमका कशावर?

वर कोणी तरी लिहिलंय की फ्रेंच लोकांना अमेरिकेचं काहीच सहन होत नाही. मला हे पटत नाही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये मियो गावात शेतकऱ्यांनी मॅकडोनाल्ड्सचं अर्धवट बांधलेलं दुकान उचकटलं, त्याचंच उदाहरण नेहमी दिलं जातं. पण कारण बघा ना. युरोपने हार्मोन दिलेल्या गुरांचं मांस नाकारलं, म्हणून अमेरिकेने रोकफोर चीजवर १०० टक्के जकात लावली. त्या भागात मेंढीचं दूध काढून, गुहांमध्ये मुरवलेल्या या चीजवर कितीतरी घरं चालतात. त्यांच्या पोटावरच पाय आला होता! आंदोलनाचे नेते जोझे बोव्हे स्वतः मेंढपाळ, आणि लहानपणी काही काळ अमेरिकेतच राहिलेले. त्यांना परका देश ठाऊक नव्हता असं मुळीच नाही.

आज फ्रान्स ही अमेरिकेबाहेरची मॅकडोनाल्ड्सची एक मोठी बाजारपेठ आहे. सिनेमाचंही तसंच. हॉलिवूडचे चित्रपट तिथे धो धो चालतात, पण प्रत्येक तिकिटातला ठरावीक वाटा सरकारी निधीत जातो आणि त्यातून फ्रेंच चित्रपटांना पैसा मिळतो. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. आपल्या मराठी सिनेमासाठी असं काही करता येईल का, यावर इथे बोलूया.