सुटलेली चित्रं

बाळ झाल्यावर चित्रं सुटली ती सुटलीच, असं तुम्ही लिहिलंत. वाचून जीव तुटला. सासूबाईंच्या आजारपणात माझंही तेच झालं होतं. मोठे कॅनव्हास गुंडाळून ठेवले आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंग सुरू केले. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस जातात, जलरंगाला काही मिनिटं पुरतात. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर तेवढीही लागत नाहीत. (त्या दिवसांत कागद आधी ओला करून घ्या, नाहीतर रंगाच्या कडा कडक उमटतात.) पहाटे फुटाळा तलावाच्या काठी 15 मिनिटं बसायचे, बस. चांगलं जमलंच पाहिजे हा हट्ट मात्र मी सोडला, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. तुम्ही आधी बाळाची झोपेतली मूठ रेखाटून पाहा. नुसती पेन्सिल पुरे.