मदत हवी आहे : डीटीपीसाठी एक आणि मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी एक लॅपटॉप. कुठली कंपनी टिकते? विंडोज, मॅक की लिनक्स?

नमस्कार मंडळी,

मी कुडाळात टायपिंग आणि डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं मांडण्याचं) काम करते. चौदा वर्षं झाली. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशावतारी मंडळांची हँडबिलं, ग्रामपंचायतींचे अहवाल, भजनी मंडळांच्या स्मरणिका. आता दोन लॅपटॉप घ्यायची वेळ आली आहे, आणि गेले दोन महिने ज्याला विचारावं तो वेगळ्याच कंपनीचं नाव सांगतो. एक म्हणतो लेनोवोशिवाय बघू नका, दुसरा म्हणतो डेलच घ्या, तिसरा म्हणतो एकदाच पैसे घाला आणि ॲपलचा मॅक घ्या. कोणी कारण मात्र सांगत नाही. मला कारणं हवी आहेत.

आत्ताचा लॅपटॉप २०१७ सालचा. इंटेलची सहाव्या पिढीची आय-थ्री चिप, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याच कंपनीचे व्यवस्थित चाललेले लॅपटॉपही मी पाहिले आहेत. तिसऱ्या वर्षी उजवी बिजागरी सुटली. आधी झाकण उघडताना कोपऱ्यात कट् आवाज यायचा, मग एक दिवस स्क्रीनच्या कडेची पट्टीच उचकटून वर आली. खोलून पाहिलं तर स्क्रू जागच्या जागी होता. तो ज्या पितळी नळीत बसतो ती नळी प्लॅस्टिकसकट उपटून आली होती. एम-सील भरून बसवली, तेव्हापासून झाकण दोन्ही हातांनी उघडते. पुढच्या पावसाळ्यात कीबोर्डची एक अख्खी रांग बंद पडली आणि चार्जिंगच्या सॉकेटजवळ बोर्डावर हिरवट थर आला. वॉरंटी घेताना 'घरी येऊन दुरुस्ती' असं सांगितलं होतं. फोन केल्यावर कळलं की आमच्या पिनकोडला ती सोयच नाही. लॅपटॉप कुरिअरने पाठवला, एकवीस दिवसांनी परत आला. ऐन लग्नसराईत.

आता विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. एक वर्षाची वाढीव मुदत मी नोंदवून घेतली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. माझं मशीन विंडोज ११ ला चालत नाही, कारण इंटेलची जवळजवळ आठव्या पिढीपासूनचीच चिप लागते.

माझी खरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. जुनं सगळं काम श्रीलिपीत (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) मध्ये आहे. श्रीलिपीला यूएसबीचं लॉक लागतं, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी विंडोज १० वर चालते. दरवर्षी तीच मंडळं येतात आणि म्हणतात, "गेल्या वर्षीचं काढ आणि तारीख बदल." त्या फायली उघडल्या नाहीत तर माझं दुकान बंद.

मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय, तिच्या मैत्रिणीकडे मॅक आहे, म्हणून तिलाही तोच हवा. दोन्ही मिळून १ लाख १० हजारांच्या वर जाता येणार नाही. कर्ज काढायचं नाही.

तर कोकणातल्या दमट हवेत काय टिकतं, माझ्या जुन्या फायली कशावर चालतील आणि मुलीला मॅक द्यावा का, एवढं कृपया सांगा. आणि जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड' लिहितात, त्यावर विश्वास ठेवावा का?

प्रतिसाद, कोल्हापूर

ताई, मी अठरा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतो. कंपनी विचारू नका, मालिका विचारा. लेनोवोचं थिंकपॅड आणि लेनोवोचंच स्वस्त आयडियापॅड ही एका छताखालची दोन वेगळी घरं आहेत. डेलमध्ये लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, एचपीमध्ये एलिटबुक आणि पॅव्हिलियन, तसंच. (नव्या डेलवर लॅटिट्यूड शोधू नका, २०२५ पासून त्या जागी डेल प्रो असं नाव आलंय.) कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिकेत बिजागरी बहुधा धातूच्या सांगाड्यावर बसते, घरगुती स्वस्त मालिकेत प्लॅस्टिकमध्ये ठोकलेल्या पितळी नळीवर. तुमची सुटली ती अशीच. ग्रीस वाळून बिजागरी घट्ट होते, आपण झाकण ओढतो आणि सगळा जोर त्या नळीवर येतो. माझ्याकडे येणाऱ्या तुटक्या बिजागऱ्यांत सगळ्या कंपन्या आहेत, पण थिंकपॅड टी मालिका आणि लॅटिट्यूड फार क्वचित.

दुसरं, खोलायला सोपं. या मालिकांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्याच साइटवर फुकट मिळते. त्यामुळे तुमच्या गावातला मुलगाही भाग मागवून बसवू शकतो. स्वस्त मालिकेत कीबोर्ड बऱ्याचदा वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकच्या शेकडो ठिपक्यांनी वितळवून चिकटवलेला असतो, म्हणजे एक कळ गेली की अख्खा पत्रा बदला. जिथे सर्व्हिस सेंटर नाही तिथे हेच आधी बघायचं.

'मिलिटरी ग्रेड' म्हणजे मिल-एसटीडी-८१० नावाच्या चाचण्या. त्यात कंपनी आपल्या सोयीच्या चाचण्या निवडते. थंडीची केली, दमट हवेची केली नाही, तरी नाव तेच लावता येतं. कुठल्या चाचण्या केल्या ते लिहिलेलं असेल तरच त्याला किंमत द्या.

दमट हवेबद्दल : पावसाळ्यात लॅपटॉप आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज तासभर चालला की आतली ओल सुकते. कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेले लॅपटॉपच हिरवे होऊन माझ्याकडे येतात.

प्रतिसाद, पुणे

मुलीची शाखा कुठली ते तुम्ही लिहिलं नाही आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. संगणक शाखा असेल तर मॅक उत्तम. मी २०२० सालचा एम-वन (ॲपलची स्वतःची चिप) मॅकबुक एअर अजून वापरतो. त्यात पंखाच नाही, त्यामुळे धूळही ओढली जात नाही, आणि २०२५ सालची मॅकओएस २६ (मॅकची सिस्टीम) त्यावर व्यवस्थित चालते. मात्र इंटेलचा जुना मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, इंटेलवर चालणारी ती शेवटचीच आवृत्ती.

मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर थांबा. मी स्वतः मेकॅनिकलचा. सॉलिडवर्क्स, कॅटिया, रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर सगळी विंडोजची. ऑटोकॅड आणि फ्यूजन मॅकवर आहेत, पण लॅबमध्ये सर जे शिकवतील ते मुलीच्या मशीनवर नसेल तर ती रात्री नऊला हॉस्टेलवरून मैत्रिणीचा लॅपटॉप मागत फिरेल. नव्या मॅकवर थेट विंडोज टाकता येत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत टाकावं लागतं, आणि तेही एआरएमचं (इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या चिपचं) विंडोज.

शिवाय मॅकमध्ये रॅम वाढवता येत नाही, आणि एअरमध्ये साठवण बोर्डावरच असते. बोर्ड गेला की डेटाही गेला समजा. धातूची बॉडी आणि दोन पिनचा चार्जर यामुळे चार्जिंगला लावल्यावर हाताला झिणझिण्या येतात, त्याला लोक घाबरतात. अर्थिंग असलेली तीन पिनची वायर लावली की त्या थांबतात.

प्रतिसाद, सांगली

शाळेत संगणक शिकवतो. तुमचं जुनं मशीन भंगारात देऊ नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) घाला, रॅम ८ जीबी करा आणि लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आमच्या लॅबमधली असली अकरा मशीन याच पद्धतीने चालू आहेत. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, लिबरऑफिसमध्ये युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) मराठी सुंदर दिसतं.

पण श्रीलिपीचं लॉक आणि पेजमेकर त्यावर चालवण्याच्या फंदात पडू नका. वाइन नावाच्या सोयीवर काही जुने प्रोग्राम उघडतात, यूएसबी लॉकचा भरवसा मात्र नाही. पोटाचा धंदा त्यावर टांगू नये.

फाँटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे लॅपटॉपपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उलटं, आधी क आणि मग वेलांटी. रफाराचंही तसंच, 'धर्म'मध्ये जुना फाँट रफार शेवटी ठेवतो, युनिकोड र् आधी ठेवतं. म्हणून कन्व्हर्टरमधून काढलेल्या मजकुरात वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते आणि रफार भलतीकडे बसतो. एकदम सगळं रूपांतर करू नका. ज्या मंडळाचं काम येईल तेवढीच फाइल युनिकोडमध्ये आणा आणि डोळ्यांनी वाचा. तीन वर्षांत तुमच्या कामाच्या फायली बाहेर येतील आणि मग तुम्हाला कुठलीही कंपनी, कुठलीही सिस्टीम घेता येईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगी मेकॅनिकलला आहे. काल रात्री पुण्याचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आई, मग विंडोजच घेऊया."

श्रीलिपीचं लॉक घेऊन शेजारच्या महा ई-सेवा केंद्रात गेले, त्यांच्याकडे विंडोज ११ आहे. पहिल्यांदा लॉकचा दिवा लागलाच नाही. जुन्या सीडीतला ड्रायव्हर (लॉक आणि विंडोजला जोडणारा प्रोग्राम) टाकल्यावर विंडोजने तो अडवला. हे असं होतं का? पेजमेकर मात्र उघडला.

प्रतिसाद, कोल्हापूर

होतं. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी नावाची सुरक्षा असते, ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून काम चालेल, पण करू नका. सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करून लॉकचा नवा ड्रायव्हर मागा. आणि एक अत्यंत महत्त्वाचं : दुकानात स्नॅपड्रॅगन चिपचा (हीही एआरएमचीच) लॅपटॉप दाखवतील, बॅटरी खूप चालते म्हणून. तो चुकूनही घेऊ नका. साधे जुने प्रोग्राम त्यावर चालतात, पण ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळाच बनवलेला लागतो. तुमचं लॉक आणि जुना प्रिंटर दोन्ही अडकतील. इंटेल किंवा एएमडीच घ्या.

तुमच्या बजेटमध्ये मी असं करेन : दुकानासाठी रिफर्बिश्ड (वापरलेलं, दुरुस्त करून विकलेलं) थिंकपॅड टी४८० किंवा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं लॅटिट्यूड. टी४८० ला दोन बॅटऱ्या आहेत, त्यातली बाहेरची मशीन चालू असताना बदलता येते, आणि रॅमच्या दोन जागा आहेत. उरलेले सगळे पैसे मुलीच्या नव्या लॅपटॉपला, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. सर्व्हिस सेंटर पुण्यात आहेच, त्यामुळे तिला तुमच्यासारखं कुरिअर करावं लागणार नाही.

धागाकर्ती

नवा ड्रायव्हर ईमेलने आला. आज दुपारी परत केंद्रात गेले. लॉक लावलं, दिवा लागला. २०१४ सालची एका दशावतारी मंडळाची फाइल उघडली, सगळी जोडाक्षरं जागेवर. मला तिथेच भरून आलं.

जुन्या मशीनला एसएसडी घालून मिंट टाकायचं ठरलंय, ते ईमेल आणि युनिकोडच्या कामाला. रविवारी कोल्हापूरला रिफर्बिश्ड बघायला जाते. तिथे उभ्या उभ्या काय तपासू?

प्रतिसाद, कोल्हापूर

झाकण एका हाताने, मधोमध धरून उघडा. कोपऱ्यातून उघडणाऱ्या दुकानदाराचं मशीन घेऊ नका. सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. पासवर्ड मागितला तर सोडून द्या, कारण कंपन्यांमधून आलेल्या मशीनला तो लावलेला असतो आणि काढणं अवघड. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. डिझाइन कपॅसिटीच्या (नवी असतानाच्या क्षमतेच्या) तुलनेत फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची क्षमता) निम्म्याहून कमी असेल तर बॅटरीचे पैसे कमी करून घ्या. चार्जरची पिन लावून हलकेच हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. आणि तुमचं लॉक सोबत घेऊन या. त्यांच्याच मशीनवर ड्रायव्हर टाका, दिवा लागेपर्यंत पैसे देऊ नका.

धागाकर्ती

लॉक पर्समध्ये ठेवलं. सकाळी सहाची एसटी आहे.