मदत हवी आहे: १९८६ चा सुपरट्रॅकर माहिती पाठवायचा कसा?

नमस्कार मंडळी,
लॉजिस्टिक्सच्या मुलांना शिकवतो. पुढच्या आठवड्यात पार्सल ट्रॅकिंगच्या इतिहासावर तास आहे आणि फेडेक्स या अमेरिकी कुरियर कंपनीच्या सुपरट्रॅकरपाशी घोडं अडलंय.

एवढं जमवलंय: कॉसमॉस ही त्यांची मध्यवर्ती संगणक यंत्रणा १९७९ ची. १९८० पासून गाड्यांत डॅड्स या निरोप धाडणाऱ्या यंत्रणेचे छोटे स्क्रीन आले. पार्सल कुठून उचलायचं ते कुरियरला त्यावर दिसायचं. मग १९८६ मध्ये हातात धरायचा सुपरट्रॅकर आला. बारकोड वाचायचा, झिपकोड (तिकडचा पिनकोड) आणि सेवेचा प्रकार बटणं दाबून भरायचा.

पण तेव्हा मोबाईल डेटा कुठला? दारात केलेलं स्कॅन मेम्फिसला, म्हणजे फेडेक्सच्या मुख्य केंद्रात, पोचायचं कसं? एके ठिकाणी ‘तत्काळ’ लिहिलंय, दुसरीकडे ‘रात्री’. पोरं नेमकं हेच विचारणार. आणि सही कुठे घ्यायचे?

जुनावायरमन:
सर, यंत्राला स्वतःचा रेडिओ नव्हता. स्कॅन त्याच्या मेमरीत राहायचं. कुरियर गाडीत परतला की यंत्र डॅड्सला जोडायचा आणि तिथून माहिती रेडिओने पुढे कॉसमॉसला. म्हणजे उशीर किती, तर माणूस गाडीपाशी येईपर्यंत. उंच इमारतीत मजल्यामागून मजले वाटत बसला, तर तेवढ्या सगळ्या नोंदी एकदमच जाणार. ‘रात्री’ हे मेम्फिसच्या छाननीवरून, म्हणजे पार्सलं ठिकाणांनुसार वेगळी करण्यावरून, आलं असावं. ती मुख्यतः रात्री चालते आणि तिथेही स्कॅन होतंच.

टपालप्रेमी:
सही कागदावर. स्क्रीनवरची सही म्हणजे यूपीएस या दुसऱ्या कुरियर कंपनीचं डायड, साधारण १९९१. हे पाटीसारखं जाडजूड यंत्र. १९९३ पासून ते गाडीतल्या सेल्युलर जोडणीवरून त्याच दिवशी माहिती पाठवू लागलं. दोन्ही यंत्रं एकाच स्लाइडवर कोंबू नका, पोरं हमखास घोळ घालतात.
अवांतर: आपलं स्पीड पोस्टही १९८६ चंच, १ ऑगस्ट. तेवढं सांगा, साल लक्षात राहील.

धागाकर्ता:
वायरमन, टपालप्रेमी, दोघांचे आभार. आता ग्राहकाचं सांगा. त्याला हे दिसायचं कुठे?

जुनावायरमन:
दिसायचं कुठलं! फोन करायचा, पलीकडची व्यक्ती कॉसमॉसमध्ये बघून सांगणार. वेबसाइटवर नंबर टाकून स्वतः बघायची सोय १९९४ ची. आणि नकाशावर सरकणारा ट्रक वगैरे डोक्यातून काढा. ‘पार्सल आत्ता कुठे आहे’ हे त्या यंत्रणेला कळतच नव्हतं, ‘शेवटचं स्कॅन कुठे झालं’ एवढंच कळायचं. खरं तर आजही बहुतेक पार्सलांचं तेच आहे, फक्त स्कॅन जास्त वेळा होतं.

धागाकर्ता:
हा शेवटचा मुद्दा तासाच्या सुरुवातीलाच घेतो. डॅड्सच्या स्क्रीनचा फोटो कुणाकडे असेल तर टाका, मला कुठेच धड मिळेना.