मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये मुदी जातीचा कुत्रा सांभाळता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही हंगेरीत, देब्रेत्सेनला राहतो. ओळखीच्या मेंढपाळाकडची मुदी व्यायली आहे आणि एक पिल्लू तो आम्हाला देतोय. मुदी ही इथली दुर्मीळ मेंढपाळी जात. पुली आणि पुमी या हंगेरियन मेंढपाळी कुत्र्यांच्याच गोतावळ्यातली, पण १९३०च्या दशकात देझ्यो फेनयेश यांनी तिला वेगळी ओळख मिळवून दिली. अंगावर कुरळे केस, तोंडावर आखूड, कान ताठ. वजन जेमतेम ८ ते १३ किलो. परवा पाहिलं, अडून बसलेल्या एडक्याला पिल्लाच्या आईने भुंकून भुंकून, मागच्या पायाला हलका चावा घेत कळपात आणलं. बघतच राहिलो!

पिल्लू ठिपकेदार आहे, इथे त्याला ‘त्सिफ्रा’ म्हणतात. आई-बाप दोघेही तसेच असले तर पिल्लं बहिरी-आंधळी निपजू शकतात. याची आई काळीभोर, त्यामुळे तो घोर नाही.

घोर आहे तो भुंकण्याचा. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात मुलगी ४ वर्षांची. पळणाऱ्या मुलांच्या पोटऱ्या धरायची या कुत्र्यांची खोड कशी मोडायची? रोज किती फिरवावं लागेल? कुणी मेंढपाळी कुत्रा फ्लॅटमध्ये वाढवला असेल तर कृपया सांगा. रविवारपर्यंत मेंढपाळाला उत्तर द्यायचंय, आणि पिल्लावर जीव तर आताच जडलाय.