जॅकवेलच्या वरच्या अंगाला गॅसची पाइपलाइन : चर खणावा की खालून ड्रिल मारावं?

वहाळापलीकडचा

आमच्या गावच्या वहाळाखालून, म्हणजे ओढ्याखालून, गॅसची चोवीस इंची पाइपलाइन जायची आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, गावात आधीच पुरेसे रुसवेफुगवे आहेत. मोजणीवाले खुंट्या मारून गेले तेव्हा कळलं की वहाळ ओलांडायची जागा आमच्या नळपाणी योजनेच्या जॅकवेलच्या, म्हणजे नळाचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, वरच्या अंगाला आहे, हाकेच्या अंतरावर.

ग्रामसभेत दोन तट पडले. एक म्हणतो, पाइपलाइनच नको. दुसरा म्हणतो, एचडीडी करा, म्हणजे आडवं ड्रिल मारून खालून न्या, वहाळाला हात लावू नका. मला दोन्ही पटत नाही. चर की ड्रिल हे नंतर बघू. आधी जागा आणि तारीख ठरवा. पाइप जॅकवेलच्या खालच्या अंगाने न्या आणि 15 मेच्या आत काठ दगडांनी बांधून मोकळे व्हा.

तारखेचा आग्रह का, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने पाण्याच्या साध्या लाइनसाठी मेअखेरीस वहाळ उकरला. मिरग लागला तेव्हा उकरलेली शेडी काठावर तशीच पडलेली. पंधरा दिवस नळाला ताकासारखं पाणी. घाटावरच्या लोकांसाठी सांगतो: आमच्याकडे वर जांभा आणि त्याच्याखाली शेडी, म्हणजे पांढरट-गुलाबी चिकट माती. पाऊस जांभ्यातून मुरतो, शेडीवर अडतो आणि कडेकडेने झरे होऊन बाहेर पडतो. शेडी जमिनीत आहे तोवर ती आमची अन्नदाती. उघडी पडली की पाण्यात मिसळते आणि खाली बसायचं नाव घेत नाही. तुरटी फिरवून घरोघरच्या बायकांचे हात दुखले. त्यात ते दिवस चढणीच्या माशांचे. अंडी घालायला वर चढणारा मासा त्या पाण्यात काय करणार?

साइटवरचा म्हातारा

पाइपलाइनच्या कामात 28 वर्षं काढली, त्या हक्काने बोलतो. तारखेबद्दल शंभर टक्के सहमत. जागेबद्दल नाही.

ओलांडायची जागा वरून बोट ठेवून ठरत नाही. प्रवाह सरळ हवा, काठ पक्के हवेत, पाइप काटकोनात जायला हवी. वळणावर गेलात तर बाहेरचा काठ दर पुरात ढासळतो आणि पाच-दहा वर्षांनी पाइप उघडी पडते. गॅसची रिकामी पाइप पाण्यात तरंगते, म्हणून ओलांडणीवर तिला काँक्रीटचं वेष्टन देऊन जड करतात. पूर तळ किती खरवडतो त्याचा हिशोब करून त्याच्याही खाली पुरतात. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळुणात काय केलं ते आठवा, मग हा हिशोब अंदाजपंचे का चालत नाही ते कळेल. आणि एकदा पुरली की तिथली वाळू उपसायची नाही. हे गावाने पाळायचं असतं. पाळतं का?

आता ड्रिलबद्दल. 'वहाळाला हात लागत नाही' हा गोड गैरसमज आहे. ड्रिलच्या भोकात बेंटोनाइट मातीचा चिखल दाबाने सोडतात. जांभा आणि काळा पत्थर, दोन्हीत भेगा. दाब वाढला की चिखल वाट शोधतो आणि वहाळाच्या मधोमध वर येतो. बेंटोनाइट विष नाही, पण पिठासारखा बारीक. दगडगोट्यांमधल्या फटी बुजवतो. बारमाही मोठी नदी असेल तर ड्रिलच. मार्चमध्ये आटणाऱ्या वहाळाला कोरड्यात चर खणणं जास्त सुरक्षित. वरचे गोटे वेगळे काढून ठेवायचे आणि त्याच क्रमाने परत लावायचे. नीट केलं तर ओलांडणी आठवड्याभरात उरकते.

रोआनोकहून

म्हातारेबुवा, 'नीट केलं तर' हे तीन शब्द फार महाग पडतात.

मी अमेरिकेत, व्हर्जिनियात राहतो. आमच्या डोंगरांतून माउंटन व्हॅली नावाची 303 मैलांची गॅसलाइन गेली. 42 इंची. 2018 मध्ये काम सुरू झालं. माती धुपू नये म्हणून काय करायचं याचे आराखडे मंजूर होते, सगळं कागदावर होतं. मग पाऊस आला. 2019 मध्ये राज्याशी तडजोड झाली तेव्हा धूप आणि गाळाचे नियम मोडल्याचे तीनशेहून जास्त प्रकार नोंदले गेले होते आणि दंड होता साडेएकवीस लाख डॉलर. लाइन 2024 च्या जूनमध्ये सुरू झाली. मधल्या काळात ओढे किती वेळा लाल झाले ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा.

ड्रिलचा भरवसा मीही देत नाही. ओहायोमध्ये 2017 च्या एप्रिलमध्ये रोव्हर लाइनच्या कामात टस्करावस नदीलगतच्या पाणथळीत सुमारे 20 लाख गॅलन ड्रिलिंगचा चिखल पसरला. म्हणजे 75 लाख लिटर.

इथे कामाला आला तो कायदा. क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या कलम 401 खाली पाण्याच्या गुणवत्तेचा दाखला राज्याने द्यावा लागतो. न्यूयॉर्कने 2016 मध्ये कॉन्स्टिट्यूशन लाइनला तो नाकारला आणि 2020 मध्ये कंपनीने माघार घेतली. तुमच्याकडे 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे ते आधी शोधा. चर की ड्रिल हा वाद तोवर पोकळ आहे.

नाल्याकाठचा पुणेकर

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता राहवत नाही. नैसर्गिक वायू गळला तर बुडबुडे होऊन हवेत जातो, विहिरीत विष कालवत नाही. आमच्याकडे ड्रेनेजच्या मोठ्या लाइनी नाल्याच्या पात्रातूनच गेल्या आहेत. पावसात चेंबर उसळले की सगळं थेट नदीत. दर वर्षी. त्यावर धागा निघत नाही, आणि आठवड्याच्या गढूळपणावर अमेरिकेपर्यंत चर्चा!

शिवाय लाइन नको म्हणजे गॅस टँकरने. 2022 च्या सप्टेंबरात लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला होता. विसरलात?

वहाळापलीकडचा

विसरलो नाही, त्या दिवशी मी त्याच रस्त्यावर अडकून पडलो होतो. म्हणूनच लाइन नको म्हणत नाही. आणि तुमची नदी घाण आहे म्हणून आमच्या वहाळाने तक्रार करू नये, हे काय गणित?

सातबारा

रोआनोककरांच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत तेल-वायूच्या लाइनला पूर्वमंजुरी लागते ती राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तर. साध्या गावच्या साध्या वहाळाला ते कवच नाही.

जमिनीला लागतो 1962 चा पेट्रोलियम पाइपलाइन कायदा. जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. हक्काचा मोबदला बाजारभावाच्या 10 टक्के, पीक-झाडांची नुकसानभरपाई वेगळी. अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. ग्रामसभेत दोन तास ओरडून काही होत नाही. जॅकवेलचं अंतर, गट नंबर आणि पर्यायी जागा लिहून सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या.

पाच जणींतली एक

मी असे धागे फक्त वाचते. आज लिहिते, कारण जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवली, त्यांतली मी एक.

दोन गोष्टी. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं माप) आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घ्यायचा, असं आम्हाला सांगितलंय. आत्ता, काम सुरू व्हायच्या आधी, तुमच्या वहाळाचा आकडा किती आहे? नसेल माहीत, तर ठेकेदार उद्या म्हणेल 'हे असंच असतं तुमचं पाणी'. आणि तुम्ही गप्प बसाल.

दुसरं, म्हातारेकाकांना विचारते. पाइप जोडून झाली की पाणी भरून दाब देऊन तपासतात ना? ते पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार?

साइटवरचा म्हातारा

ताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात, आणि मी तो स्वतःहून काढला नाही याची लाज वाटते.

चोवीस इंची पाइपच्या 10 किलोमीटरच्या तुकड्यात 27-28 लाख लिटर पाणी मावतं. ही तपासणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात येते, आणि पाणी जवळच्या नदीतून उपसायचा मोह होतो. तपासून झाल्यावर आत गंज असतो, वेल्डिंगचा कचरा असतो, कधी गंजरोधक रसायन असतं. ते ओढ्यात सोडून दिलेलं मी पाहिलं आहे. एकदा मी स्वतः व्हॉल्व्ह उघडायला सांगितला होता. 1994 ची गोष्ट, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. योग्य पद्धत अशी की एकच पाणी पुढच्या तुकड्यात वापरत न्यायचं आणि शेवटी तळ्यात थांबवून, तपासून, मग सोडायचं.

अजून एक. वहाळ वरून कोरडा दिसला तरी वाळूखालून पाणी चालूच असतं. चर खणला की तो भरतो, मग पंप लावून उपसतात. तो पाइप वहाळात टाकू देऊ नका. बाजूला खड्डा घ्या, त्यात गाळ बसू द्या. आणि उताराच्या चरात ठरावीक अंतरावर मातीच्या पोत्यांचे आडवे बांध मागा. नाहीतर चरच पाट होतो आणि शेडीवरचं पाणी झऱ्याकडे न जाता पाइपलाइनच्या कडेने निघून जातं. पाणी गढूळ झालं तर पंधरा दिवसांत दिसतं. झरा आटला तर कळायला दोन वर्षं लागतात.

रोआनोकहून

पाहा, हे सगळं तुम्ही पहिल्याच प्रतिसादात म्हणाला नाहीत. कंपनीचा माणूसही म्हणणार नाही. म्हणून म्हणतो, दाखला हवा.

साइटवरचा म्हातारा

दाखला हवा, मान्य. पण तो नाही म्हणून 21 दिवस हातावर हात ठेवून बसायचं का?

वहाळापलीकडचे, एक सांगा. जॅकवेलच्या खालच्या अंगाला प्रवाहाला वळण आहे ना? असेल तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. वळणावर ओलांडणी म्हणजे पुढच्या पिढीला भेट.

वहाळापलीकडचा

वळण आहे. आज पुन्हा चालत जाऊन आलो. वळण संपलं की दीडएकशे पावलं सरळ पट्टा आहे. दोन्ही काठ कातळाचे, तुम्हाला हवे तसे.

अडचण एवढीच, की डाव्या काठावरची काजूची बाग आमची आहे. वडिलांनी लावलेली. सातबारांनी झाडांचं लिहिलं तेव्हापासून हरकतीचा कागद समोर आहे आणि पर्यायी जागेचा रकाना कोरा आहे. भावाला अजून सांगितलेलं नाही.

सातबारा

अधिसूचना कुठल्या तारखेची आहे?

वहाळापलीकडचा

नऊ दिवस झाले.