जखम भरत नाही, मग फाज का नको?

खाजणकाठ: ओहोटीला कालवं काढताना बाबांच्या तळव्याला धार लागली. साखर जुनी, तीन महिने झाले तरी जखम ओलीच. कल्चरच्या रिपोर्टात स्यूडोमोनास नावाचा जीवाणू, आणि औषधांसमोर वरपासून खालपर्यंत 'आर'. म्हणजे जंतू दाद देत नाही. आता बोट कापायच्या गोष्टी चालल्यात.
तिकडे जॉर्जियात तिबिलीसीला 1923 पासून एलियावा संस्था आहे, तिथे जीवाणू फोडणारे विषाणू, म्हणजे फाज, देतात. बेल्जियममध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर बनवून मिळतात. औषधं थकली की फाज मागायचा हक्क रोग्याला हवाच, असं माझं मत.

गडूतलं पाणी: फाज कित्याक? गंगाजळ आसा मां घरात! 1896त हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञान दाखवल्यान, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतत.

लॅबवाली: तेच पाणी उकळलं की जंतू मरेनात, हेही त्यानेच लिहिलंय. देवघरातला गडू जखमेवर ओतू नका, हात जोडते. त्या पाण्यातला गुण फाजचाच मानतात, पण प्रत्येक फाजचा जंतू ठरलेला असतो. पटकीचा फाज स्यूडोमोनासकडे ढुंकूनही बघत नाही.
खाजणकाठ, तुमचंही मला पटत नाही. भाजलेल्या जखमांवरची युरोपातली फागोबर्न चाचणी बघा. जंतू हाच, रुग्ण 27, आणि फाज नेहमीच्या मलमाच्या मागे पडला. चाचणी मध्येच थांबवली.

खाजणकाठ: का मागे पडला तेही सांगा की! साठवणीत फाज मेले आणि डोस ठरल्यापेक्षा कितीतरी पातळ पडला. पाणी घातलेल्या दुधावरून गाय वाईट ठरवायची? 2016 मध्ये सॅन डिएगोत टॉम पॅटरसन नावाचे रुग्ण औषधांना दाद न देणाऱ्या जंतूमुळे कोमात होते, शिरेतून फाज दिले, उठून बसले.

लॅबवाली: अँटिबायोटिक्सही चालूच होती त्यांना. आणि पातळ डोस हीच तर माझी तक्रार आहे. मोठमोठ्या इस्पितळांना जे टिकवता आलं नाही, ते आपल्याकडे लाईट गेल्यावर कोण टिकवणार?

व्हेनामीवाला: मी भोगलंय. तलावात कोळंबी मरायला लागली, मला वाटलं व्हिब्रिओ जीवाणू. विक्रेत्याने फाजची बाटली गळ्यात मारली. कुठल्या व्हिब्रिओवर, विचारलं, तर म्हणतो, "सगळ्यावर चालतं." तिथेच उठायला हवं होतं. चार दिवसांत तलावातली सगळी कोळंबी मेली. टेस्टमध्ये निघाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग! तो मुळात विषाणूचा, त्याला फाज काय करणार? फाजवर राग नाही माझा. पण आधी टेस्ट, मग बाटली.

गडूतलं पाणी: म्हणजे माझा गडू परवडलो. फुकट तरी आसा.

खाजणकाठ: 😄 व्हेनामीवाल्यांचं मान्य. उद्या बाबांचा पुन्हा स्वॅब आहे. जंतू फेकू नका, जपून ठेवा, असं सांगतो. पुढेमागे फाज जुळवायचा झाला तर तोच लागेल ना?

लॅबवाली: तोच लागतो. पण लेखी द्या. तोंडी सांगितलं तर रिपोर्ट झाला की प्लेट टाकून देतात.